कमी फ्रिक्वेन्सीला ५० ओहमची केबल ५० ओहमची का राहत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: आरजी-५८ या कोॲक्स केबलवर (मधली तार आणि तिच्याभोवती जाळी) ५० ओहम छापलेलं असतं. हा तिचा कॅरॅक्टरिस्टिक इंपीडन्स (झेड-नॉट), म्हणजे केबलवरून जाणाऱ्या लहरीला दिसणारं व्होल्टेज भागिले करंट. तो म्हणजे इंडक्टन्स (एल) भागिले कपॅसिटन्स (सी) यांचं वर्गमूळ, असं शिकवतात आणि त्यात फ्रिक्वेन्सी कुठेच येत नाही. मग १ किलोहर्ट्झला हिशेब केला की २८० ओहमच्या आसपास उत्तर का येतं? आणि ते खरं असेल, तर ऑडिओच्या किंवा टेलिफोनच्या केबलला टर्मिनेशन, म्हणजे परावर्तन टाळायला टोकाला लावायचा रेझिस्टर, कितीचं लावायचं?

उत्तर खरं आहे. एल÷सीचं वर्गमूळ हे मोठ्या सूत्राचं एका टोकाचं रूप आहे. मूळ सूत्र असं:

झेड-नॉट = √[(आर + जे·ओमेगा·एल) ÷ (जी + जे·ओमेगा·सी)]

आर म्हणजे दर मीटरला जाण्यायेण्याच्या दोन्ही वाटांचा मिळून रेझिस्टन्स, एल म्हणजे इंडक्टन्स, सी म्हणजे कपॅसिटन्स, जी म्हणजे इन्सुलेशनमधून होणारी गळती. ओमेगा म्हणजे ६.२८३ गुणिले फ्रिक्वेन्सी, आणि जे म्हणजे उणे एकचं वर्गमूळ, ९० अंशांचा फेज दाखवणारी खूण. फ्रिक्वेन्सी जास्त असली की ओमेगा-एलपुढे आर आणि ओमेगा-सीपुढे जी नगण्य होतात, जे-ओमेगा वरखाली कटून जातो आणि √(एल÷सी) उरतं. फ्रिक्वेन्सी उतरवत नेली की आधी आर डोकं वर काढतो. गळतीची पाळी फार उशिरा येते, कारण पॉलिथिलीनसारखं इन्सुलेशन जवळजवळ गळतच नाही. म्हणून मधल्या मोठ्या पट्ट्यात सूत्र उरतं ते √[आर ÷ (जे·ओमेगा·सी)]. त्याचं मूल्य फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं आणि कोन उणे ४५ अंश असतो.

हे वर्गमूळ येतं कुठून, ते एकदा पाहून ठेवावं. अनंत लांबीची लाइन घ्या. तिच्या तोंडाशी झेड इतका इंपीडन्स दिसतो. आता पुढे केबलचा एक छोटासा तुकडा जोडा. लाइन तरीही अनंतच, त्यामुळे दिसणारा इंपीडन्स बदलता कामा नये. तुकड्यातल्या सिरीज भागाने इंपीडन्स थोडा वाढतो आणि आडव्या जोडलेल्या कपॅसिटन्स-गळतीने तो झेडच्या वर्गाच्या प्रमाणात थोडा घटतो. वाढ आणि घट सारखी असेल तरच झेड स्थिर राहील. म्हणजे झेडचा वर्ग = दर मीटरचा सिरीज इंपीडन्स भागिले दर मीटरचा शंट ॲडमिटन्स (आडव्या भागाच्या इंपीडन्सचा व्यस्त). सिरीजमध्ये शुद्ध रेझिस्टन्स (शून्य अंश) आणि शंटमध्ये शुद्ध कपॅसिटन्स (९० अंश) असला की भागाकाराचा कोन उणे ९० आणि वर्गमुळाचा उणे ४५. यात गूढ काही नाही.

आता आकडे. आरजी-५८ मध्ये मधल्या तारेचा साधारण ३५ आणि जाळीचा १५, असा मिळून दर मीटरला सुमारे ५० मिलिओहम रेझिस्टन्स धरू. उत्पादकाप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल. कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड आणि इंडक्टन्स २५० नॅनोहेन्री दर मीटर. गळती सोडून देऊ.

५० हर्ट्झ: सुमारे १२६० ओहम, उणे ४५ अंश
१ किलोहर्ट्झ: २८२ ओहम, उणे ४४ अंश
१० किलोहर्ट्झ: ९१ ओहम, उणे ३६ अंश
३२ किलोहर्ट्झ: ५९.५ ओहम, उणे २२.५ अंश
१०० किलोहर्ट्झ: ५१ ओहम, उणे ९ अंश

३२ किलोहर्ट्झ मुद्दाम घेतला आहे. तिथे आर आणि ओमेगा-एल बरोबरीत येतात. ही फ्रिक्वेन्सी काढायला आर भागिले (६.२८३ गुणिले एल) एवढं पुरतं. कोणत्याही केबलसाठी पहिल्यांदा हाच आकडा काढावा. त्याच्या दहापट वर गेलात की छापील ओहमवर विश्वास ठेवायला हरकत नाही, आणि दहापट खाली आलात की छापील आकडा विसरावा.

या कोष्टकात एक छोटी लबाडी आहे. २५० नॅनोहेन्री हा इंडक्टन्स तारेच्या बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राचा. कमी फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या संपूर्ण छेदातून वाहतो, म्हणून तारेच्या आतलं क्षेत्रही मोजावं लागतं. गोल तारेसाठी ते दर मीटरला ५० नॅनोहेन्री असतं, मग तार जाड असो की बारीक. म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सीला खरा एल ३०० च्या घरात जातो. १ किलोहर्ट्झला त्याने काही बिघडत नाही, कारण तिथे सत्ता आरची आहे. पण १०० किलोहर्ट्झला ५१ ऐवजी ५५ च्या आसपास मिळतात. वर गेल्यावर स्किन इफेक्टमुळे करंट पृष्ठभागाकडे सरकतो, आतला इंडक्टन्स विरत जातो आणि १ मेगाहर्ट्झपर्यंत आकडा ५१-५२ वर येऊन बसतो. ‘केबल ५० ची आहे म्हणतात, पण १०० किलोहर्ट्झला ५५ दाखवते’ ही तक्रार बहुतेक वेळा केबलच्या दर्जाची नसते.

‘कमी फ्रिक्वेन्सी’ म्हणजे किती, हे हर्ट्झमध्ये सांगता येत नाही, हे त्या बरोबरीच्या आकड्यातूनच निघतं. ४०० किलोव्होल्टच्या ओव्हरहेड लाइनचं उदाहरण घ्या. जाड कंडक्टर, दोन तारांमध्ये भरपूर अंतर. दर किलोमीटरला रेझिस्टन्स ०.०३ ओहमच्या आसपास आणि ५० हर्ट्झचा रिॲक्टन्स ०.३३ ओहम. आर हा ओमेगा-एलच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. त्यामुळे ५० हर्ट्झलासुद्धा झेड-नॉट जवळजवळ शुद्ध रेझिस्टिव्ह, ३०० ओहमच्या आतबाहेर, कोन उणे अडीच अंश. म्हणूनच पॉवर इंजिनिअर ५० हर्ट्झला बिनधास्त सर्ज इंपीडन्सची (म्हणजे √(एल÷सी) ची) भाषा बोलतात आणि लाइनचं नैसर्गिक लोडिंग व्होल्टेजचा वर्ग भागिले सर्ज इंपीडन्स असं काढतात. त्याच ५० हर्ट्झला आरजी-५८ मात्र १२६० ओहम आणि ४५ अंशांवर असते.

आता मोजणी, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पद्धत साधी आहे: दुसरं टोक मोकळं ठेवून इंपीडन्स मोजा, मग तेच टोक शॉर्ट करून मोजा. दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ म्हणजे झेड-नॉट. हे कोणत्याही लांबीला तंतोतंत खरं असतं. अडचण फक्त अचूकतेची. लांबी फार कमी असेल तर शॉर्टचं वाचन मिलिओहममध्ये जातं आणि क्लिपच्या संपर्कात हरवतं. १ किलोहर्ट्झसाठी आरजी-५८ चा १०० मीटरचा ड्रम सोयीचा, फक्त आतलं टोक बाहेर काढलेलं हवं. केबल ड्रमवर गुंडाळलेली असली तरी बिघडत नाही, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांचं बाहेरचं क्षेत्र मारून टाकतात.

एलसीआर मीटर (इंडक्टन्स, कपॅसिटन्स, रेझिस्टन्स मोजणारा) चार वायरचा घ्या आणि आधी त्याचं ओपन व शॉर्ट करेक्शन करून घ्या. दूरचं टोक मोकळं ठेवून वाचलं की १० नॅनोफॅरड, म्हणजे १५.९ किलोओहम आणि उणे ९० अंश मिळायला हवेत. मग मधली तार आणि जाळी सोल्डर करून जोडा. मगर-क्लिप लावू नका. क्लिपचा ५० मिलिओहमचा संपर्क म्हणजे इथे सरळ १ टक्का चूक. शॉर्टचं वाचन ५ ओहम आणि अधिक २ अंशांच्या आसपास येईल. १५,९०० गुणिले ५, त्याचं वर्गमूळ २८२. कोनांची सरासरी उणे ४४. झालं.

चुकतं कुठे? पहिली चूक म्हणजे मीटर इंडक्टन्स-कपॅसिटन्सवर ठेवून ३० मायक्रोहेन्री आणि १० नॅनोफॅरड वाचायचे, त्यांच्या भागाकाराचं वर्गमूळ काढायचं आणि ‘१ किलोहर्ट्झला झेड-नॉट ५५ ओहम’ असं जाहीर करायचं. तो १ किलोहर्ट्झचा झेड-नॉट नव्हे. आर टाकून दिला तर काय आलं असतं, एवढंच तो सांगतो.

दुसरी चूक जास्त छुपी आहे. शॉर्ट केलेल्या केबलमध्ये ५ ओहम रेझिस्टन्सशेजारी रिॲक्टन्स फक्त ०.१९ ओहम आहे. क्यू, म्हणजे रिॲक्टन्स भागिले रेझिस्टन्स, झाला ०.०४ पेक्षाही कमी. मीटरने फेजमध्ये ०.२ अंशाची चूक केली तरी इंडक्टन्सच्या आकड्यात ९ टक्के फरक पडतो. झेड-नॉटच्या कोनात मात्र तीच चूक ०.१ अंशाची. म्हणून अशा वेळी इंपीडन्स आणि कोन हीच जोडी वाचावी, इंडक्टन्सच्या वाचनाला फारसा भाव देऊ नये. आणि मीटर चुकून पॅरलल मोडमध्ये राहिला तर ३० मायक्रोहेन्रीच्या जागी २१ मिलिहेन्री दिसतात. मीटर बिघडलेला नसतो, इतक्या कमी क्यूला सिरीज आणि पॅरलल रूपांत सातशेपटीचा फरक पडतोच.

तापमानही धरावं लागतं. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो आणि इथे झेड-नॉट आरच्या वर्गमुळावर चालतो. २० अंशांचा फरक म्हणजे जवळपास ४ टक्के. मेगाहर्ट्झमध्ये ज्या गोष्टीकडे कुणी पाहतही नाही ती इथे वाचनात सरळ उतरते. इन्सुलेशन पीव्हीसीचं असेल तर मोकळ्या टोकाचा कोन उणे ९० येणार नाही. त्याचा लॉस टँजंट (इन्सुलेशनमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेचं माप) पॉलिथिलीनच्या शेकडोपट असू शकतो. तो ०.१ असेल तर कोन उणे ८४ दिसेल आणि झेड-नॉटचा कोन ३ अंशांनी सरकेल.

साध्या मल्टिमीटरने ५० ओहम दिसत नाहीत, याचं उत्तरही इथेच आहे. डीसीला सूत्र उरतं ते √(आर÷जी). इन्सुलेशन रेझिस्टन्स १० गिगाओहम-किलोमीटर धरला तर आरजी-५८ चा डीसी झेड-नॉट ७०० किलोओहमच्या घरात जातो. पण तो प्रत्यक्ष दिसायला केबल निदान १४ हजार किलोमीटर लांब हवी, आणि जी हा ओमेगा-सीच्या बरोबरीला येतो तो ज्या फ्रिक्वेन्सीला, तिचं एक आवर्तन पावणेदोन तासांचं आहे. कागदावर मजेशीर, कामाला शून्य.

मग मुख्य प्रश्न: १ किलोहर्ट्झसाठी २८२ ओहमचं टर्मिनेशन लावायचं का? नाही. त्या फ्रिक्वेन्सीला आरजी-५८ मध्ये लहरीचा वेग सेकंदाला ५० हजार किलोमीटर, म्हणजे नेहमीच्या दोन लाखांच्या पावपट, आणि तरंगलांबी ५० किलोमीटर. (तरंगलांबी काढताना छापील व्हेलॉसिटी फॅक्टर (प्रकाशाच्या तुलनेत लहरीचा वेग) इथे वापरू नका, उत्तर चौपट चुकतं.) १०० मीटर केबल म्हणजे या लांबीचा पाचशेवा हिस्सा. तेवढ्यात परावर्तन वेगळं ओळखूच येत नाही. केबल ५ ओहम आणि १० नॅनोफॅरडचा ठोकळा म्हणून वागते. तिच्या टोकाला १० किलोओहमचा इनपुट असला तर रेझिस्टन्समुळे जाणारं व्होल्टेज दोन हजारात एक भाग. २८२ ओहम लावले तर जवळपास पावणेदोन टक्के जातं, वर सोर्सवर विनाकारण भार. तरंगलांबीच्या विसाव्या हिश्श्यापेक्षा केबल लहान असेल तर मॅचिंगचा विचार बाजूला ठेवून रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्स पाहावा.

ऑडिओत खरा शत्रू कपॅसिटन्स. १०० पिकोफॅरड दर मीटरची ५० मीटर केबल म्हणजे ५ नॅनोफॅरड. सोर्स १०० ओहमचा असेल तर ३ डेसिबलची घट ३१८ किलोहर्ट्झला, काळजी नाही. सोर्स १० किलोओहमचा असेल तर तीच घट ३.२ किलोहर्ट्झला, आणि आवाज सरळ मंद ऐकू येतो. स्पीकरच्या ८ ओहमशी जुळणारी, ‘८ ओहम इंपीडन्स’ची केबल विकली जाते, तिच्यावर पैसे घालू नयेत. तीन मीटरच्या स्पीकर केबलमध्ये महत्त्वाचा लूप रेझिस्टन्स, त्यानंतर थोडाफार इंडक्टन्स. झेड-नॉटचा तिथे संबंधच नाही.

टेलिफोनची तांब्याची जोडी ही मात्र अशी जागा आहे, जिथे कमी फ्रिक्वेन्सीचा झेड-नॉट खरोखर भोगावा लागतो. ०.५ मिलिमीटर तारेची जोडी घ्या: लूप रेझिस्टन्स १७० ओहम, कपॅसिटन्स ५० नॅनोफॅरड, इंडक्टन्स ०.७ मिलिहेन्री, सगळं दर किलोमीटर. आर आणि ओमेगा-एलची बरोबरी ३९ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे बोलण्याचा अख्खा पट्टा तिच्या खूप खाली. ३०० हर्ट्झला झेड-नॉट १,३४० ओहम, १ किलोहर्ट्झला ७३५, ३,४०० हर्ट्झला ४००, आणि कोन सगळीकडे उणे ४५ च्या जवळ. १ किलोहर्ट्झला तरंगलांबी ३८ किलोमीटर, म्हणजे ५ किलोमीटरची लाइन तिच्या आठव्या हिश्श्याएवढी. इथे विसाव्या हिश्श्याचा नियम ओलांडला गेला.

जुना ६०० ओहमचा आकडा खांबांवरच्या उघड्या तारांच्या जमान्यातला. भूमिगत जोडीला तो किती बसतो पाहा: १ किलोहर्ट्झला ७३५ ओहम, उणे ४५ अंश विरुद्ध ६०० शुद्ध, रिटर्न लॉस (परावर्तन मूळ सिग्नलपेक्षा किती कमी, ते; जास्त तितकं चांगलं) जेमतेम ७.४ डेसिबल. याचा त्रास हायब्रिड सर्किटमध्ये होतो. तिथे दोन तारांचे चार तार करताना बॅलन्स नेटवर्कने लाइनची नक्कल करायची असते. नक्कल फसली की स्वतःचाच आवाज मोठा ऐकू येतो किंवा प्रतिध्वनी परततो. नुसता रेझिस्टन्स बदलून हे सुटत नाही, कारण कोन जुळत नाही. नुसता सिरीज कपॅसिटरही पुरत नाही. कपॅसिटरचा इंपीडन्स फ्रिक्वेन्सीच्या पटीत घटतो, लाइनचा तिच्या वर्गमुळाच्या पटीत. म्हणून तीन घटकांचं नेटवर्क. युरोपात रूढ असलेलं २७० ओहम, त्याला सिरीजमध्ये ७५० ओहम आणि १५० नॅनोफॅरड यांची पॅरलल जोडी, हे याच वक्राचं अंदाजे रूप आहे. १ किलोहर्ट्झला ते ७७० उणे जे ३५४ देतं आणि वरच्या टेलिफोनच्या जोडीशी रिटर्न लॉस १४ डेसिबलवर जातो. तीन स्वस्त घटकांत ७ डेसिबल कमावले.

दुसरा मार्ग आर आणि ओमेगा-एलची बरोबरीच खाली ओढण्याचा. समुद्राखालच्या तारेसाठी विल्यम थॉमसन यांनी १८५५ मध्ये केलेला हिशेब फक्त आर आणि सीचा होता, आणि त्यातून सिग्नलला लागणारा वेळ लांबीच्या वर्गाने वाढतो असं निघालं. ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८७ मध्ये दाखवलं की आर÷एल आणि जी÷सी सारखे असतील तर सिग्नल विकृत होत नाही, आणि त्यासाठी गळती वाढवण्यापेक्षा इंडक्टन्स वाढवावा. लोडिंग कॉइल त्यातूनच आल्या. दर १,८३० मीटरला ८८ मिलिहेन्री बसवले की वरच्याच जोडीचा इंडक्टन्स दर किलोमीटरला ४८ मिलिहेन्री होतो, झेड-नॉट ९८० ओहमच्या आसपास बऱ्यापैकी स्थिर राहतो आणि घट १.४ वरून ०.७५ डेसिबल दर किलोमीटरवर येते. पहिली कॉइल अर्ध्या अंतरावर, ९१५ मीटरला बसवतात, नाहीतर टोकाशी दिसणारा इंपीडन्स बिघडतो. फुकट मात्र काही मिळत नाही: साडेतीन किलोहर्ट्झच्या वर लाइन बंदच होते. डीएसएल लावायच्या जोडीवर जुनी लोडिंग कॉइल राहून गेली असेल तर मोडेम सिंकच होत नाही, ते याचमुळे.

आरएस-४८५ (दोन तारांवरून लांबवर डेटा पाठवण्याची पद्धत) बद्दलही हाच प्रश्न येतो: ‘डेटा फक्त ९६०० बॉड आहे, मग त्या फ्रिक्वेन्सीचा झेड-नॉट काढून रेझिस्टर लावू का?’ लावू नका. टर्मिनेशन सिग्नलच्या कडांसाठी असतं आणि कडांमध्ये मेगाहर्ट्झ भरलेले असतात, त्यांना केबल १०० ते १२० ओहमचीच दिसते. खालच्या फ्रिक्वेन्सीचा भाग मात्र त्या १२० ओहमकडे निव्वळ डिव्हायडर म्हणून पाहतो. १,२०० मीटरच्या २४ गेज जोडीचा लूप २०० ओहम. ड्रायव्हरचे दीड व्होल्ट दूरच्या टोकाला ०.५६ व्होल्ट उरतात. २०० मिलिव्होल्टच्या मर्यादेपेक्षा ते वर आहेत, पण बारीक तार किंवा खराब जोड असला की फरक झपाट्याने संपतो. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा आणि १,२०० मीटरची जाऊन-येऊन फेरी सुमारे १२ मायक्रोसेकंदांची. बिटच्या मध्यावर नमुना घेईपर्यंत परावर्तन विरलेलं असतं. अशा मंद लाइनवर व्होल्टेज अपुरं पडत असेल तर टर्मिनेशन काढून पाहणं हा पहिला उपाय. वेग वाढवायचा असेल तर ते परत लावावं लागेल.

टीडीआर, म्हणजे केबलमध्ये पल्स सोडून परतणारी परावर्तनं दाखवणारं उपकरण, त्याच्या पडद्यावरही आर दिसतो. लांब आरजी-५८ चा ट्रेस ५० वर सुरू होऊन हळूहळू वर चढतो, १०० मीटरला साधारण ५ ओहम, स्किन इफेक्ट धरून थोडा जास्त. ही चढण म्हणजे तोवर पार केलेला लूप रेझिस्टन्स आहे. पुढे केबल बदलली आहे किंवा तिच्यात पाणी शिरलं आहे, असा अर्थ काढू नका. पाण्याने ट्रेस खाली जातो, वर येत नाही. केबलचा इंपीडन्स कनेक्टरची खळबळ शमल्यानंतरच्या पहिल्या काही मीटरांवर वाचावा. दूरचा जोड तपासायचा असेल तर चढणीची सरळ रेषा मनात वजा करून मग उडी मोजावी, किंवा त्याच केबलवर दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजावं.